मेलेली कोंबडी उघडताना: शरीरगुहा कशी वाचायची

सिन्नर, दिंडोरी, निफाड, इगतपुरी या पट्ट्यात ज्याच्याकडे ब्रॉयलरची शेड आहे, त्याला रोजची मर मोजायची सवय असते. आकडा वहीत जातो, मेलेले पक्षी खड्ड्यात जातात. पण त्या पक्ष्यांच्या पोटात पुढच्या तीन दिवसांत शेडमध्ये काय होणार आहे हे लिहिलेलं असतं, आणि ते वाचायला अर्धा तास पुरतो. निदान आणि औषध हे काम डॉक्टरांचंच. तरी डॉक्टरांना फोन करताना "पक्षी मरतायत" एवढंच सांगणं आणि "पाच पक्षी उघडले, पाचांच्याही हृदयाभोवती पिवळं पाणी आहे" असं सांगणं यात फार फरक आहे.

कधी उघडायचं नाही

एका दिवसात मर अचानक अनेक पटींनी वाढली, तुरा आणि गळ्याखालची लोंबती कातडी निळी-काळी पडली, डोकं सुजलं, पायाच्या नळीवर रक्ताचे लालसर डाग दिसले, तर कात्री हातात घेऊ नका. ही बर्ड फ्लूची लक्षणं असू शकतात. उघडलेल्या पक्ष्यातून विषाणू हवेत आणि हातावर येतो. भारतातला बर्ड फ्लूचा (एच५एन१ विषाणूचा) पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला झाला. नंदुरबार जिल्हा आपल्याच नाशिक विभागात येतो, त्यामुळे ही शक्यता लांबची समजू नये. अशा वेळी शेडवरची ये-जा बंद करा, पक्षी किंवा अंडी बाहेर जाऊ देऊ नका आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. नमुने तेच घेतात. ते भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत तपासले जातात.

आधी गुहा समजून घ्या

बोकड कापताना छाती आणि पोट यांच्यामध्ये मांसाचा पडदा लागतो, म्हणजे डायफ्रॅम. कोंबडीला तसा स्नायूंचा पडदा नसतो. छातीचं हाड उचललं की हृदय, कलेजी, पेटा (दाणे भरडणारं स्नायूंचं जठर) आणि आतडी एकाच पेटीत भरल्यासारखी समोर येतात. पण ही पेटी खरंच एकच खोली नसते. आत अतिशय पातळ पडदे असतात आणि त्यांनी आठ पोकळ्या वेगळ्या केलेल्या असतात: फुप्फुसांच्या दोन, हृदयाची एक, आतड्यांची एक आणि एकट्या कलेजीभोवती चार. याशिवाय वायुकोश असतात. फुप्फुसातून निघालेल्या या हवेच्या पिशव्या अवयवांमधल्या फटींत पसरलेल्या असतात. निरोगी पक्ष्यात त्यांची भिंत नव्या सेलोफेनसारखी दिसते, आरपार आणि चकचकीत.

या रचनेमुळे पहिला नियम ठरतो: उघडल्यावर लगेच काही ओढायचं नाही. आतडी बाहेर काढली की वायुकोश फाटतात, कलेजीभोवतालचं पाणी आतड्यांवर सांडतं, आणि ते कुठल्या पोकळीत होतं हे पुन्हा कळत नाही. बहुतेक चुका याच पहिल्या मिनिटात होतात.

निरोगी गुहा कशी दिसते हे माहीत नसेल तर आजारी गुहा ओळखता येणार नाही. ओळखीच्या चिकनच्या दुकानात उभं राहून दहा-बारा पक्ष्यांच्या कलेज्या, हृदयं आणि आतडी नीट पाहून घ्या. एक लक्षात असू द्या: दुकानातल्या पक्ष्याचं रक्त वाहून गेलेलं असतं, म्हणून त्याची कलेजी फिकट दिसते. शेडमध्ये मेलेल्या पक्ष्याचं रक्त आतच राहतं, त्यामुळे त्याची कलेजी गडदच असणार. तो रोग नव्हे.

कोणते पक्षी, किती वेळात

एक पक्षी उघडून काहीही ठरवू नका. किमान ३, जमल्यास ५ पक्षी घ्या. सगळ्यात छोटा, खुरटलेला पक्षी उचलण्याचा मोह होतो, पण तो पहिल्या आठवड्यापासूनच मागे राहिलेला असतो आणि सध्याच्या आजाराबद्दल काही सांगत नाही. चांगल्या वजनाचे, आज मेलेले पक्षी निवडा.

नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात पक्षी मेल्यावर दोन-तीन तासांत उघडावा, थंडीत सहा तासांपर्यंत चालतं. उशीर होणार असेल तर पिशवीत घालून बर्फावर ठेवा. डीप फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नका. गोठलेल्या पेशी फुटतात आणि वितळल्यावर सगळ्या अवयवांतून लालसर पाणी सुटतं. ते पाहून नसलेला रोग दिसायला लागतो.

कुजण्याच्या खुणाही ओळखायला शिका. पित्ताशयाला चिकटलेला कलेजीचा भाग हिरवा पडतो, कारण मेल्यावर पित्त झिरपतं. पक्षी ज्या कुशीवर पडलेला असतो त्या बाजूचं फुप्फुस काळपट होतं, कारण रक्त खाली उतरतं. आतडी वायूने फुगतात. हे तिन्ही मेल्यानंतरचे बदल आहेत.

सामान आणि जागा

सहा-सात इंची टोकदार कात्री, एक सुरी, चिमटा, पांढरा ट्रे, दोन बादल्या, साबणाचं पाणी, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, आणि मोबाईल. हाडं कापायला द्राक्षछाटणीची कात्री उत्तम चालते. ती आपल्याकडे घरोघरी असतेच, पण या कामाची कात्री वेगळी ठेवून तिच्या मुठीला लाल चिकटपट्टी लावा. ती पुन्हा बागेत किंवा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

एन-९५ मास्क, चष्मा, हातमोज्यांच्या दोन जोड्या, गमबूट. जागा शेडपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि उजेडात हवी. पिवळ्या बल्बखाली फिकट कलेजी आणि निरोगी कलेजी सारखीच दिसते. शेडमधली सगळी कामं आटोपल्यावर, दिवसाच्या शेवटी हे करा, कारण यानंतर अंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय जिवंत पक्ष्यांत जायचं नाही.

उघडण्याची पद्धत

आधी बाहेरून पाहा. वजन करा. छातीच्या हाडावर बोट फिरवा. हाड धारदार लागलं तर पक्षी बरेच दिवस खात नव्हता. डोळे, नाकपुड्या, पंखांखालच्या उवा आणि गुदाभोवती चिकटलेली विष्ठा बघा. विष्ठा हिरवी, पांढरी की रक्ताळलेली, याची नोंद करा. गळ्यातली अन्नाची पिशवी दाबून पाहा. ती भरलेली असेल तर मृत्यू अचानक आला.

मग पूर्ण पक्षी साबणाच्या पाण्यात बुडवून काढा. पिसं ओली झाली की त्यांचा कोंडा उडत नाही आणि श्वासातून जाणारे जंतूही कमी होतात. ही पायरी लोक सर्रास गाळतात. ती गाळू नका.

पक्षी पाठीवर ठेवा, पाय स्वतःकडे. मांडी आणि पोट यांच्यामधली कातडी दोन्ही बाजूंनी कापा आणि दोन्ही तंगड्या बाहेरच्या बाजूला दाबा. खुब्याचा सांधा 'कट्' आवाज करून निखळतो आणि पक्षी ट्रेमध्ये स्थिर बसतो. गुदाच्या वर, छातीचं हाड जिथे संपतं तिथे फक्त कातडीला आडवा छेद द्या आणि कातडी धरून मानेकडे ओढा. ती सदऱ्यासारखी निघते.

इथे थांबून छातीचं आणि मांडीचं मांस बघा. गडद, कोरडं, हाताला चिकटणारं मांस म्हणजे पाणी कमी पडलं. अगदी फिकट म्हणजे रक्त कमी. मांडीच्या बाजूला ब्रशने फटकारे मारल्यासारखे लाल रेघोट्यांचे डाग असतील तर गंबोरोची, म्हणजे पिल्लांची प्रतिकारशक्ती मारणाऱ्या विषाणूच्या आजाराची, शंका धरा. उन्हाळ्यात दुपारी मेलेल्या पक्ष्याचं छातीचं मांस शिजल्यासारखं पांढरट दिसतं, तो उष्माघात.

आता गुहा. छातीच्या हाडाच्या टोकाखाली चिमट्याने पोटाची भिंत वर उचला आणि कात्रीचं फक्त टोक घालून आडवा छेद द्या. कात्री खोल गेली तर आतडं फुटतं आणि पुढचं सगळं घाण होतं. छेदाच्या दोन्ही कडांपासून वर बरगड्या कापत जा आणि शेवटी खांद्याजवळची जाड हाडं छाटणीच्या कात्रीने तोडा. आता छातीचं हाड पेटीच्या झाकणासारखं हळूहळू वर उचला, आणि उचलतानाच आत बघत राहा. झाकण आणि अवयव यांच्यामध्ये ताणल्या जाणाऱ्या पडद्यांचा, म्हणजे वायुकोशांचा, तो एकच क्षण असतो. पडदा स्वच्छ आहे, दुधाळ झाला आहे की त्यावर पिवळसर चोथा आहे, हे लगेच टिपा. दुधाळ आणि फेसाळ म्हणजे श्वसनाचा आजार, बहुतेकदा सीआरडी, म्हणजे जुनाट श्वसनरोग. पिवळा चोथा असेल तर त्यावर ई. कोलाय हा जिवाणूही चढलेला आहे.

प्रयोगशाळेसाठी जिवाणूंचा नमुना हवा असेल तर तो आत्ताच, बोट लागण्याआधी घ्या. आणि एक फोटो काढा. सगळे अवयव जागच्या जागी असलेला हा फोटो डॉक्टरांना सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

पाणी दिसलं तर

नाशिकच्या थंडीत सर्वांत जास्त दिसणारी गोष्ट हीच. निफाडला पारा खाली आला की दोन-तीन आठवड्यांत जलोदराचे पक्षी दिसू लागतात. पोट फुगलेलं, तुरा निळसर, आणि उघडल्यावर गवताच्या रंगाचं पाणी. ते २०० मिलीपेक्षा जास्तही निघू शकतं, कधी त्यात पिवळ्या जेलीसारख्या गुठळ्या असतात. पाणी आतड्यांत नसून कलेजीभोवतालच्या पोकळ्यांत साठलेलं असतं. झाकण सावकाश उचललं असेल तर हे स्पष्ट दिसतं.

असं का होतं? कोंबडीची फुप्फुसं बरगड्यांत घट्ट बसलेली असतात, आपल्यासारखी फुगत नाहीत. थंडीत शरीर गरम ठेवायला जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून हृदय जास्त रक्त फुप्फुसांकडे ढकलतं. तिथली वाट मात्र रुंद होत नाही. दाब वाढतो, हृदयाची उजवी बाजू जाड होते. पक्ष्यांत उजवीकडची झडप स्नायूचीच असते. तीही जाड होते, नीट मिटेनाशी होते आणि रक्त उलटं शिरांमध्ये तुंबतं. तुंबलेल्या कलेजीतून पाणी पाझरतं.

डोळ्यांवर विसंबायचं नसेल तर वजन करा. हृदय काढून वरचे पातळ कप्पे, नळ्या आणि चरबी कापून टाका. खाली उरलेल्या जाड भागाची उजवीकडची भिंत मधल्या पडद्याच्या कडेने कापून वेगळी करा. ती वेगळी तोला, मग उरलेला डावा भाग पडद्यासह तोला. उजवी भिंत २.९ ग्रॅम आणि उरलेला भाग ६.१ ग्रॅम असेल तर एकूण ९.०, आणि २.९ ला ९.० ने भागलं की ०.३२. निरोगी पक्ष्यात हे उत्तर ०.२ च्या आसपास येतं. ०.२८ च्या वर गेलं की उजव्या बाजूवर ताण आहे असं समजा. पोटात अजून पाणी नसलेल्या पक्ष्यांतही हा आकडा वाढलेला सापडला, तर मर पुढे वाढणार आहे.

उपाय शेडमध्ये आहे, बाटलीत नाही. थंडी वाजेल म्हणून पडदे कडेकोट बंद करणं हीच मुख्य चूक. आत अमोनिया कोंडतो, ऑक्सिजन कमी होतो आणि जलोदर वाढतो. पडदा वरून खाली उघडणारा असावा आणि वरच्या बाजूला रात्रीही फट ठेवावी, म्हणजे गार हवा थेट पक्ष्यांच्या अंगावर येत नाही. पिल्लांना पहिल्या दिवशी ३२-३३ अंश आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी, हे गणित पाळा.

पाणी पोटात नसून फक्त हृदयाच्या पिशवीत असेल तर गोष्ट वेगळी. तीन ते सहा आठवड्यांचा चांगला वजनदार ब्रॉयलर, हृदय पिवळ्या पाण्यात तरंगल्यासारखं, सोललेल्या लिचीसारखं, कलेजी पिवळट आणि सुजलेली. याला लिची रोगच म्हणतात. हा विषाणूचा आजार आहे, अँटिबायोटिकने जात नाही.

बाकीचा क्रम

हृदय आणि कलेजी यांवर पांढरट-पिवळी साय बसली असेल, दुधावरच्या सायीसारखी सोलून निघणारी, तर ई. कोलाय. पाण्याची टाकी आणि निपल लाइन कधी धुतली ते आठवा. तीच पांढरी कांती पण चुन्याची भुकटी शिंपडल्यासारखी, खडबडीत आणि न सोलणारी असेल तर गाऊट, म्हणजे युरेट साचलेलं. सोबत मूत्रपिंडं फिकट, सुजलेली दिसतात. पाणी तुटणं, लहान वयात लेयरचं (अंड्यांच्या कोंबडीचं) जास्त कॅल्शियमचं खाद्य, जास्त सोडा, बुरशी लागलेलं खाद्य ही त्याची नेहमीची कारणं. साय आणि चुना यांत गोंधळ झाला तर औषध उलटं पडतं, कारण मूत्रपिंडं थकलेली असताना काही अँटिबायोटिक त्यांना आणखी मारतात. म्हणून नखाने खरवडून पाहाच.

फुप्फुसांवर किंवा वायुकोशांवर मोहरी-ज्वारीएवढे पिवळे दाणे म्हणजे बुरशी, विशेषतः पहिल्या दोन आठवड्यांत. पावसाळ्यात घोटीच्या गिरण्यांतून येणारं तूस ओलसर असतं. मुठीत दाबून गोळा होत असेल तर ते उन्हात वाळवल्याशिवाय पिल्लांखाली घालू नका. या आजारावर उपचार जवळपास नाही.

प्लीहा छोट्या गोटीसारखी, पेट्याच्या मागे असते. तिची जागा लक्षात ठेवा, पुढे तुलनेला लागेल.

आता अन्ननळी वरून कापा आणि जठर, पेटा, आतडी एकत्र खाली ओढून काढा. पेट्याच्या आधी येणारं ग्रंथींचं जठर चिरून पाण्याने हलकं धुवा. ग्रंथींच्या टोकांवर लाल ठिपके असतील तर राणीखेत, म्हणजे मानमोडीची शंका. लस दिलेल्या बॅचमध्ये हे ठिपके दिसतीलच असं नाही, म्हणून ते नाहीत यावरून निश्चिंत होऊ नका. आतडं लांबीने चिरा. वरच्या भागात आडव्या पांढऱ्या रेषा किंवा शेवटच्या दोन आंधळ्या आतड्यांत रक्ताच्या गुठळ्या म्हणजे कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवीचा आजार). लिटर, म्हणजे खाली अंथरलेलं तूस, ओलं कुठे आहे ते शोधा, बहुधा निपलखाली. गावरान आणि लेयर पक्ष्यांत ५ ते १२ सेंटिमीटरचे पांढरे गोल जंतही सापडतात.

गुदाच्या वर, पाठीच्या बाजूला बर्सा असते, गोल पिशवीसारखी, पक्ष्याची प्रतिकारशक्ती घडवणारी. निरोगी वाढत्या ब्रॉयलरमध्ये ती प्लीहेपेक्षा मोठी असते. सुजलेली, पिवळ्या जेलीत गुंडाळलेली किंवा आत रक्ताळलेली असेल तर गंबोरो सुरू आहे. प्लीहेपेक्षा लहान झाली असेल तर गंबोरो येऊन गेला, आणि आता त्या पक्ष्यांत प्रतिकारशक्ती उरलेली नाही. दिसणारा ई. कोलाय बऱ्याचदा याचंच पुढचं टोक असतं.

लेयरमध्ये डाव्या बाजूचाच अंडाशय कामाचा असतो. गुहेत पिवळं बलक सांडलेलं आणि वास येत असेल तर बलकामुळे झालेला पोटाचा दाह. कलेजी पिवळी, हातात घेताच चुरणारी आणि शेजारी रक्ताची गुठळी असेल तर चरबीची कलेजी फुटली.

शेवटी श्वासनळी उभी चिरा, पायाची नळी हाताने मोडून पाहा. ती कडकन मोडायला हवी. वाकली तर कॅल्शियम, फॉस्फरस किंवा व्हिटॅमिन डी-३ कुठेतरी कमी पडतंय.

नमुना पाठवायचा तर

ऊतींच्या तपासणीसाठी अवयवाचे ५ मिलिमीटरपेक्षा जाड नसलेले काप घ्या. जाड तुकड्याच्या मध्यापर्यंत फॉर्मेलिन पोहोचत नाही आणि तो आतून कुजतो. बाजारातल्या फॉर्मेलिनचा १ भाग आणि पाण्याचे ९ भाग, आणि तुकड्याच्या दहापट द्रावण. जिवाणू तपासणीचा नमुना मात्र फॉर्मेलिनमध्ये कधीच नाही. तो निर्जंतुक डबीत, बर्फावर, त्याच दिवशी पोहोचायला हवा. पशुसंवर्धन विभागाची रोगनिदान प्रयोगशाळा पुण्यात औंधला आहे. नाशिकहून अंतर साधारण २१० किलोमीटर, म्हणून सकाळी लवकर निघा, आणि आधी तालुक्याच्या डॉक्टरांकडून पत्र घ्या. सोबतच्या कागदावर वय दिवसांत, पक्षी किती, गेल्या तीन दिवसांची मर, लसींच्या तारखा, चालू औषधं आणि खाद्य कधी बदललं हे लिहा. औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाहीत, त्यामुळे नमुना आधी, औषध नंतर.

आवराआवर

उघडलेले पक्षी, हातमोजे, पिसं सगळं सहा फूट खोल खड्ड्यात, वर चुन्याचा थर आणि मग माती. किमान वरची दोन-तीन फूट माती हवीच, नाहीतर कुत्री उकरतात. खड्डा विहीर आणि बोअरपासून दूर, चढावर नव्हे तर उताराच्या बाजूला. पाटात किंवा नाल्यात टाकलेला पक्षी खालच्या चार शेडना रोग देतो. हत्यारं आधी साबणाने घासा, मग २० मिनिटं उकळा. रक्त-चरबी लागलेली असताना जंतुनाशक ओतून उपयोग नाही, ते वरच्यावरच संपतं. गमबुटाचे तळवेही ब्रशने घासा, आणि फूटबाथमधलं पाणी बदला.